चार बोटं

पट्टीवरचा आकडा त्याने दुसऱ्यांदा वाचला आणि मोजणीच्या दुर्बिणीवर झाकण लावून टाकलं. खांब चार बोटं खचला होता.

समुद्राकाठची बंद पडलेली कोळंबीची तळी मोडून तिथे पुन्हा पाणथळ वसवायचं काम चाललं होतं. सगळी मोजणी या एका खांबावरून होई, आणि बारा वर्षांपूर्वी तो त्यानेच रोवला होता. म्हणून तर सगळे त्याला ‘खांबवाले काका’ म्हणत. पण काही विचारायचं झालं की जात मात्र नव्या मोजणीदारणीकडे. दोन वर्षांची नोकरी तिची! साहेबसुद्धा नकाशा तिच्याचपुढे पसरत. बघून त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

उद्या ती रोपांचे वाफे आखणार होती. या खांबावरून आखले, की वाफे चार बोटं खाली जाणार आणि मोठ्या भरतीत रोपं बुडून कुजणार. एका शब्दाने हे टळलं असतं. तो बोलला नाही. पडू दे एकदा तोंडावर.

उधाणाच्या दिवशी सगळे बांधावर जमले. वाफ्यांतल्या खुंट्यांवर तिने लाल रेघा मारल्या होत्या. पाणी तिथवरच यायला हवं. तो मुद्दाम पुढे जाऊन उभा राहिला. झडप उघडली. पाणी आत शिरलं, चढत गेलं आणि रेघेला टेकून थांबलं.

टाळ्या वाजल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं.

पांगापांग झाल्यावर त्याने तिला गाठलंच.

“उंची कुठून घेतलीस?”

“पुलाजवळच्या सरकारी उंचीखुणेच्या दगडावरून.” ती बुटातला चिखल काढत होती. “खांब खचलाय, काका.”

“साहेबांना सांगितलंस?”

“नाही. खांब तुमचा. कळल्यावर तुम्हीच सांगाल, म्हटलं.”

हुशार आहे, हे त्याने कसंबसं गिळलं होतं. पण चांगलीही निघावी, हे जरा अतीच झालं.

“लाल रंग उरलाय?”

तिने डबा पुढे केला. त्याने खांबावर मोठी फुली मारली, खाली लिहिलं: चार बोटं.

ती वाचत राहिली.

“बरोबर आहे. कधी मोजलंत?”

‘आज’ म्हणणं सोपं होतं.

“तू वाफे आखलेस ना,” तो म्हणाला, “त्याच्या आदल्या दिवशी.”

आणि ब्रश तिच्या हातात दिला.