पिवळ्या खुणेपर्यंत

“पिवळी खूण दिसंस्तोवर वायर ओढायची, तेजा. अर्धी आत ठिवून मशीन लावलंस तर आतल्या आत तापती ती. ऐकतीस का?”

मी ऐकत नव्हते. दौंडच्या तिच्या घरात आत्या मला तो जुना व्हॅक्यूम क्लीनर चालवून दाखवत होती आणि माझं सगळं लक्ष माझ्या लेकाकडे, स्वराजकडे होतं. तो उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा चघळत होता. “हो गं आत्या, कळलं,” म्हणाले आणि चप्पल हिसकावायला धावले.

पुतळाआत्या माझ्या वडिलांची बहीण. आता तिचा डावा हात तिचं ऐकत नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, घसरला तर तिला कळतही नाही. त्या हाताचा आणि त्या वायरचा काय संबंध, तेच सांगायला बसले आहे.

मशीन मारुतमामांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं. रेल्वेतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ते घेतलं. पत्र्याचं, हिरवट, चाकांवर घरंगळणारं, चालू केलं की शेजारचे डोकावून बघतील असा आवाज. मागे एक जाड काळं बटण होतं. ते पायानं दाबलं की बाहेरची सगळी वायर सर्रकन मशीनच्या पोटात जायची. मामा गेल्यावर ते पलंगाखाली होतं. स्वराजच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, डॉक्टर म्हणाले घरात धूळ नको, आणि आमचं शिरूरचं घर तर ट्रकच्या रस्त्याला लागून. आत्यानं मशीन झाडून-पुसून दिलं. “लेकराला श्वास घिऊ दे. माझ्या घरात धूळ कोण करतंय? मी एकटी.”

मी वायर पूर्ण कधीच ओढली नाही. कारण साधं होतं. लांब वायर फरशीवर पडली की स्वराज ती गळ्यात घालायचा. बोर्डापर्यंत पोचेल एवढीच काढायची, बाकी आत. मला वाटायचं, मीच जास्त काळजी घेते आहे.

एक दिवस मशीन चालू असताना प्लास्टिक जळल्याचा वास आला. बंद केलं, बटण दाबलं. वायर जागची हलली नाही. ओढली, तर बाहेरही येईना. आत वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मामांची वस्तू! आत्यानं एवढी वर्षं जपलेली, आणि मी वर्षसुद्धा नीट वापरली नाही.

“सांगून टाक,” माझा नवरा सत्यजीत म्हणाला. “आत्या काय तुला वाळीत टाकणारे?”

“दुरुस्त करते, मग सांगते. मोडकी वस्तू घेऊन तिच्या दारात कशी उभी राहू?”

“मोडकी तू घेऊन जाऊ नकोस. नुसती तू जा.”

तो गमतीत बोलला. मी चिडले.

शिरूरमध्ये दोन दुकानांत दाखवलं. “भंगारात घाला ताई, नवीन चांगली येतात,” एवढंच उत्तर. असली मशीनं दौंडचे इलाहीचाचा करतात, असं तिसऱ्यानं सांगितलं. साहेबांच्या बंगल्यांवरची सगळी त्यांच्याकडेच यायची म्हणे.

दरम्यान आत्याचे फोन येत होते. पहिला प्रश्न ठरलेला.

“मशीन चालतंय नव्हं?”

“मस्त चालतंय.”

“आन् स्वराजची छाती?”

“बरी आहे. आत्या, दूध उतू जातंय, ठेवते हं.”

दूध वगैरे काही नसायचं. मग मी फोन घ्यायचंच टाळायला लागले. एकदा घेतला, तर तिचे शब्द जाडसर येत होते, ओठात घास असल्यासारखे.

“पान खाल्लंस का गं?” मी हसले.

“कवळी नीट बसंना. तू कवा येतीस?”

“येते. पुढच्या आठवड्यात बघते.”

स्वराज दुसऱ्या खोलीत झोपलेला असला तरी त्याच्या श्वासातला फरक मला इकडे कळतो. फोनवर कानाशी असलेल्या आत्याचा मला कळला नाही. खरं तर तिनं मशीनचा विषय काढायच्या आत फोन ठेवायची मला घाई होती.

शेवटी मशीन टेम्पोत टाकून दौंडला गेले, ओळखीच्या माणसाबरोबर. स्वराज माझ्या मांडीवर. इलाहीचाचांचं दुकान आत्याच्या घरापासून एका गल्लीवर आहे हे तिथे पोचल्यावर समजलं. टेबलावर उघडे पंखे, मिक्सर, मोटारींच्या तांब्याच्या तारा. चाचांनी मशीन उलटं केलं, मागचा पत्रा काढला आणि आतल्या चक्रीवर आधी एक गोणपाट टाकलं.

“लेकराला घिऊन मागं सरा. ह्याच्यात घड्याळासारखी पोलादी पट्टी गुंडाळलेली असती. सुटली तर तोंडावर येती.”

मी स्वराजला घेऊन पार रस्त्यावर गेले.

“इतक्या लांब न्हाई हो!” चाचा हसले. “दौंड स्टेशनात बसून बघता का?”

पट्टी शाबूत होती. वायर मात्र आतून वितळलेली. “असली गोल जाड वायर पुण्याहून मागवावी लागंल. ठिवून जा.”

परत जाताना टेम्पो आत्याच्या गल्लीच्या तोंडावरून गेला. तिच्या दाराशी लाल साडी वाळत होती. मी पदर कानावर ओढला आणि स्वराजच्या डोक्यावरची टोपी सारखी करत राहिले, गल्ली मागे जाईपर्यंत. मशीन झालं की दोघं बरोबरच जाऊ, ते आणि मी.

वायर आल्याचा चाचांचा फोन आला त्या दिवशी मी स्वराजला घेऊन एसटीनंच गेले. चक्री त्यांनी माझ्यासमोर बसवली. पट्टीला आधी काही फेरे देऊन ताण भरला, मग वायर गुंडाळली आणि पुन्हा बाहेर ओढली. बटण दाबलं. सर्रकन सगळी आत! मला इतका आनंद झाला की टाळ्याच वाजवल्या.

चाचा जुन्या वायरचं काळं वेटोळं पुढं करून म्हणाले, “हे बघा. ह्या टोकाशी जुना जोड हाय, चिकटपट्टी मारलेली. माझाच हात. पुतळाबाईंनी मशीन नवं-नवं आल्यावर अशीच वायर आत ठिवून जाळली होती. मला म्हणाल्या, यांना सांगू नका. आन् दुसऱ्या दिवशी मारुतराव येऊन हसत्यात, म्हणं, घरभर वास सुटलाय, बाई म्हणती अगरबत्ती लावली.”

मीही हसले. मग लक्षात आलं.

“चाचा, हे आत्याचं मशीन आहे, तुम्हाला कसं माहीत? मी सांगितलं नव्हतं.”

“त्या आल्या होत्या की. तुम्ही ठिवून गेलात त्याच्या दोन-चार दिवसांनी. टेबलावर मशीन बघितलं आन् म्हणाल्या, तेजा येऊन गेली व्हय?”

“काय म्हणाली अजून?”

“कायबी न्हाई. जरा बसल्या. मिक्सर घिऊन आल्या होत्या, बंद पडलाय म्हणून. मिक्सर चांगला होता बघा. भांडं फिरवून बसवायला दोन हात लागत्यात, त्यांचा डावा फिरतच नव्हता. मी म्हटलं, बाई, आधी दवाखाना गाठा. तर म्हणाल्या, तेजा मशीन न्यायला यील, तवा तिला घिऊन जाईन.”

मशीन तिथेच टाकून, स्वराजला कडेवर घेऊन मी धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या पलंगावर बसलेली. तोंडाची डावी बाजू जरा खाली ओढलेली, ब्लाऊजचं बटण चुकीच्या काजात. मला बघून ती हसली, अर्ध्या ओठांनी.

“झालं मशीन?”

“आत्या, फोन करून सांगायचं नाहीस का गं?”

“केला की. तू उचलला न्हाईस.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. “म्हटलं, लाजली आसंल पोर. दुरुस्त झालं की मोकळी हुईल आन् यील. मीबी त्यांच्यापासनं असंच लपवलं होतं.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे. मी कवळीबद्दल सांगितलं, मिक्सरबद्दल सांगितलं. ते म्हणाले, हा पक्षाघात, आधी थोडं झालं असणार, मग पुन्हा. पहिल्यांदा झालं तेव्हा आणलं असतं, तर हात कदाचित वाचला असता. मी त्या ‘कदाचित’ला धरून बसायचा प्रयत्न करते. जमत नाही.

आता आत्या आमच्याकडे शिरूरला आहे. मी मशीन लावायला घेतलं की खुर्चीतून विचारते, “पिवळी?” मी खूण तिला दिसेल अशी धरते. मग ती उजव्या हातानं स्वराजला जवळ ओढून घेते आणि वायर फरशीवर असेपर्यंत सोडत नाही. तो डाव्या हाताची बोटं एकेक उघडून बघतो. “आजी, हा हात झोपलाय?” ती म्हणते, “व्हय. आवाज करू नगंस.”

परवा ती घरी परत जायचं म्हणाली. मी विषय बदलला, दूध उतू जातंय म्हणाले. या वेळी मात्र ती समोरच होती; तिनं मान वळवून बंद गॅसकडे बघितलं.

हे वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची तरी वस्तू असेल. मोडली असेल, हरवली असेल, द्यायची राहिली असेल, आणि त्यामुळे तुम्ही त्या माणसाला टाळत असाल. दुरुस्तीची वाट बघू नका. आज फोन करा. आवाज जाडसर आला आणि ते ‘कवळी बसंना’ म्हणाले, तर मोकळ्या हातानं निघा आणि जाऊन बघून या.