विम्यात बसली तेवढी आई

आई मिरजेहून आली ती गुडघ्यांशिवाय. विमानतळाच्या सरकत्या दारातून ती बाहेर पडली तेव्हा तिच्या मांड्या आणि पोटऱ्या यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती आणि साडी तेवढ्या भागात आत गेली होती. चालत मात्र छान होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "गुडघे जुने निघाले गं. विम्यात बसले नाहीत."

चूक एजंटाची नव्हती. कुंभोजकर घरी आले आणि आधीचा काही आजार आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने. तिथं दुखणं सांगणं हा पाहुणचार असतो. समोरच्याचा मान ठेवायचा तर पहिल्यापासून, नीट सांगायचं. आईनं दोन्ही गुडघ्यांची हकीकत डॉक्टरांच्या नावांसकट सांगितली, जिना उतरताना कसा आवाज येतो तेही सांगितलं. कुंभोजकरांनी चहा संपवला आणि गुडघे इथंच ठेवावे लागतील म्हणाले. आधीचं दुखणं विम्यात धरत नाहीत, आणि ज्याला विमा नाही ते विमानात घेत नाहीत. आईनं गुडघे शेजारी मगदूमकाकूंकडे ठेवले. काकू त्यांना रोज तेल लावत होत्या.

मी आईला बोलावलं होतं ते चिमीसाठी. आइंडहोवनमधल्या आमच्या घरात मी, निरंजन आणि सव्वा महिन्याची चिमी, आणि तिला न्हाऊ कसं घालायचं हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं. पहिल्याच सकाळी आई मोरीत बसली, पाय लांब केले आणि चिमीला पायांवर पालथं घेतलं. चिमी मधल्या फटीतून अलगद खाली घसरली. मी झेलली. आई थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिली, मग म्हणाली, तू पाय पसर, मी चोळते. त्यानंतर रोज तसंच. चिमी माझ्या पायांवर, आईचे हात तिच्या पाठीवर, आणि कोमट पाणी आम्हा तिघींच्या अंगावर. माझ्या अख्ख्या बाळंतपणात तेवढाच वेळ मला रडू यायचं नाही.

विमा कंपनीतली बाई दर मंगळवारी फोन करायची. मराठीच बोलायची, आवाज मऊ. "काकू, कशा आहात?" म्हणायची. निरंजन ऑफिसात, मी चिमीबरोबर झोपलेली. दिवसभरात आईला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या मंगळवारी तिनं डाव्या डोळ्याबद्दल सांगितलं, त्यात रात्री टाकायच्या थेंबांबद्दल, थेंबांची बाटली महाग झाली त्याबद्दलही. मी उठले तेव्हा डाव्या डोळ्याच्या जागी गुळगुळीत कातडी होती. "मिरजेला पोचला," आई म्हणाली. "काकूंचा निरोप आला. त्यांनी तो देवघरात ठेवलाय."

पुढच्या मंगळवारी कंबर गेली. आईचा वरचा भाग खालच्या भागाबरोबर फिरत असे, पण चिकटलेला नसे. पदर खोचायला जागा राहिली नाही, म्हणून तो सतत खांद्यावरून ओघळायचा.

मी तिला सांगितलं, नुसतं बरी आहे म्हणायचं. ती म्हणाली, एवढ्या आपुलकीनं विचारते, तिला तोंडावर खोटं कसं सांगू. विमा बंद करावा म्हटलं तर व्हिसा विम्यावरच होता. उरलेली आईही गेली असती. मग मंगळवारचा फोन मी घ्यायला लागले. मला काही होत नाही, असं मी आईच्या आवाजात सांगायचे. बाई म्हणायची, छान, काळजी घ्या.

पण घरातही जपायला हवं होतं. आई काही बोलायला गेली, की ते कुठून तरी कंपनीला ऐकू जाई; एकदा ती ओट्याशी नुसतं "आई गं" म्हणाली आणि उजव्या हाताची करंगळी गेली. त्यामुळे मी तिला काही विचारणं बंद केलं. ती कण्हायला लागली की मी मिक्सर लावायचे. जेवताना घास घेता घेता थांबून ती माझ्याकडे बघायची, मी काय झालं विचारीन म्हणून वाट बघायची, आणि मी भाजी वाढायचे. तिच्या केसांना तेल लावताना तिच्या कपाळाचा ताप माझ्या हाताला चटका बसावा इतका लागला. मी वेणी घातली.

"तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस," आई म्हणाली.

"बोलते की."

"मिक्सर बोलतो."

फोनवर तक्रार येईना, तेव्हा कंपनीनं माणूस पाठवला. साळवेकर त्यांचं नाव. त्यांनी दारात बूट काढले, चिमीचा खुळखुळा बाजूला सरकवून सोफ्यावर बसले. मूळचे साताऱ्याचे निघाले. आई म्हणाली, मग घरचेच की, आणि मी घाबरले. मी चिमीला अंगावर घेतलं होतं. मोकळ्या हातानं आईचं मनगट धरून ठेवलं. त्यांनी एकेका अवयवाचं नाव घेऊन विचारलं. आई दरवेळी माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, काही नाही, अगदी ठणठणीत. तिचं मनगट तापानं पोळत होतं. साळवेकरांनी बॅग बंद केली. चहा चांगला झालाय म्हणाले. दारात एक बूट घालून झाल्यावर, कोणीही विचारतं तसं त्यांनी विचारलं, इथं झोप लागते का.

"झोप कसली हो," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "हिची काळजी."

"कधीपासून?"

"ही झाल्यापासून."

त्यांनी बूट काढला आणि परत येऊन बसले. "म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून," ते म्हणाले आणि यादीत माझं नाव लिहिलं.

मी म्हटलं, काळजी घेऊन जा, मला कशाला धरता.

"आम्ही दुखणं नेत नाही, ताई. ते जिथं असतं ती जागा नेतो."

"तिला काही नाही हो," आई म्हणाली. "धडधाकट आहे माझी पोर. तिला कशाला नेता?"

"आजारी त्या नाहीत, काकू. तुम्ही आहात."

चिमी पीत होती. तिचं पोट भरेपर्यंत तरी थांबा, एवढं मी म्हणाले. साळवेकर खिडकीकडे बघत बसले. आईनं चिमीला घ्यायला हात पुढे केले. मी दिली नाही, पण द्यावीही लागली नाही; मीच तिथं उरले नाही.

मिरजेत मगदूमकाकूंच्या माजघरात उन्हाचा पट्टा आला होता. काकूंनी मला सतरंजी टाकून दिली, भिंतीला टेकून बस म्हणाल्या, आणि वाहनांचा आवाज येऊ नये म्हणून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग त्यांचा फोन वाजला. आई होती. काकूंनी फोन मला ऐकू येईल असा धरला. आईचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. रात्री गाढ झोप लागली म्हणाली. आता काही म्हणजे काही होत नाही, उगाच इतकी वर्षं काळजीत काढली म्हणाली.

तिच्या मागे चिमी रडत होती. काकूंनी विचारलं, बाळ का रडतंय.

"रडतंय खरं मघापासून," आई शांतपणे म्हणाली. "रडेल आणि थांबेल."

चिमी थांबली नाही. मला पान्हा आला, ब्लाउज भिजला, दूध पोटावरून सतरंजीवर उतरायला लागलं. काकूंनी फोन तसाच चालू ठेवून मांडणीवरून एक वाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या छातीखाली धरली.