हॅगिसपुढची चाल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बालवाडीत स्कॉटलंड साजरा होतो. एकवीस वर्षं मी तो साजरा करतेय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आलाय. सोमवारी जेवणाचे काटे जांभळ्या रंगात बुडवून कागदावर स्कॉटलंडची काटेफुलं उठवायची. तीन-चार वर्षांची पोरं. फुलं कागदावर कमी, माझ्या अंगावर जास्त. कागदी किल्ट, म्हणजे पुरुषांचे चौकडीचे घागरे, गुरुवारपर्यंत फाटून झालेले. शुक्रवारी हॅगिस, म्हणजे मेंढीच्या पोटात भरून शिजवलेला खिमा.

हॅगिस वाजतगाजत आणायचा असतो. पुढे बॅगपाइपवाला, मागे ताट घेतलेली बाई. ताट मोठ्या टेबलावर ठेवेपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्यांचा ठेका धरायचा. ताट टेकलं की टाळ्या थांबतात, पाइपही थांबतो. आमच्या पीटरहेड गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पाइप माझे बाबा वाजवतात. उभा जन्म मासेमारीच्या बोटींवर गेला, आता छाती साथ देत नाही. यंदा घरचा जिना चढतानासुद्धा मध्ये दोनदा बसतात.

"बाबा, या वर्षी राहू द्या ना," त्यांच्या किल्टचा पट्टा आवळून देताना मी सकाळी म्हटलं.

"का? लाज वाटते माझी?"

"दम लागतो तुम्हाला."

"दम बोलताना लागतो. वाजवताना नाही. तू ताट सांभाळ, मॉरॅग. गेल्या वर्षी वाकडं धरलं होतंस."

भांडायलाही अंगात जोर लागतो. माझ्यात नव्हता.

अकरा वाजता आम्ही हॉलच्या दाराशी उभे राहिलो. छोट्या इनिसनं ताटात डोकावून विचारलं, "हे मेंढीचं पोट आहे?"

"हो."

"मग मेंढी आता जेवण कुठं ठेवते?"

उत्तर सुचायच्या आत बाबांनी पाइप फुंकला आणि आम्ही निघालो. दुतर्फा पोरं टाळ्या पिटत होती, कुणाचा ठेका कुणाला नाही. मला बाबांची पाठ तेवढी दिसत होती. दहा पावलांत मान लाल झाली, वीस पावलांत काळपट. काखेतली पाइपची हवेची पिशवी ढिली पडत होती, सूर खाली घसरत होता. अजून अर्धा हॉल बाकी होता. हा माणूस आता पोरांसमोर कोसळणार, असं मला वाटलं.

शेजारी पोरांचं चित्रांचं बुटकं टेबल होतं. ताट ठेवलं की सगळं थांबतं. मी ताट ठेवून दिलं.

टाळ्या थांबल्या. बाबा थांबले नाहीत. पाइप वाजत असताना वाजवणाऱ्याला दुसरं काय ऐकू येणार? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. ते एकटेच छाती काढून चालत राहिले, पार मोठ्या टेबलापर्यंत गेले, ऐटीत वळले. मागे कुणीच नव्हतं.

"आजोबा हॅगिस विसरले!" इनिस ओरडली आणि सगळी पोरं खिदळली.

बाबांनी पोरांकडे पाहिलंही नाही. अर्ध्या हॉलवरून माझ्याकडे बघत राहिले. मग नळी पुन्हा तोंडात धरली, गाल फुगवले आणि वाजवत परत आले. सूर कुठल्या कुठे चालले होते. माझ्यासमोर येऊन त्यांनी मानेनं ताटाकडे खूण केली. मी ताट उचललं. पोरांनी टाळ्या धरल्या. उरलेला अर्धा हॉल आम्ही पुन्हा चाललो. त्यांचे श्रम वाचवायला गेले आणि दुप्पट वाट त्यांच्या माथी मारली.

मोठ्या टेबलावर ताट टेकलं. बाबा पोरांच्या एका लाल खुर्चीत बसले, गुडघे हनुवटीपाशी. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मीही शेजारी जमिनीवर बसले. मागे पोरं हॅगिसला नाकं मुरडत होती.

"बाबा, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्ही पडाल."

"मलाही वाटलं," ते म्हणाले. पुन्हा थोडा वेळ नुसता श्वास. "पण तू ताट खाली ठेवेपर्यंत मी समजत होतो, की अजून कुणाला दिसत नाही."