कोपऱ्यातली खुर्ची

"एक गोष्ट नीट ऐकून ठेवा," पहिल्याच दिवशी मी ह्यांना दाराशी थांबवून बजावलं, "वर्गात मी तुमची कोणी नाही. मॅडम म्हणायचं. आणि माझ्याबरोबर नाही, मागून यायचं."

हे नुसते हसले. "बरं, मॅडम."

मी टायपिंग शिकवते. आमचे हे गोदामात माल उचलायचे. पाठ धरली, डॉक्टरांनी ओझं बंद केलं. गोदामाचे साहेब म्हणाले, टायपिंगची परीक्षा पास व्हा, ऑफिसात बसवतो. नाहीतर घरी बसा. फुकटात शिकायचं तर माझाच वर्ग. कॉलेजच्या पोरापोरींच्या मधोमध हा बाप्या ओठ हलवत एका बोटाने अक्षर हुडकणार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी विचारलं असतं तर ओळखत नाही म्हणून मोकळी झाले असते.

मागून येणार, म्हणून ह्यांच्या वाट्याला कोपऱ्यातली खुर्ची. तिचा उंची कमी-जास्त करायचा दांडा कधीचाच मोडलाय. बसलं की हळूहळू खाली जाते. फी भरणाऱ्याला दिली तर तो भांडेल. खुर्ची खाली गेली की टेबल छातीशी येतं, खांदे कानाला लागतात. आणि मी, सगळं माहीत असून, वर्गासमोर ओरडायची, "कोपऱ्यातले काका! खांदे खाली! मनगटं टेकवू नका! असं शिकवलंय का मी?" पोरं फिदीफिदी हसायची. एकदा तर मीही हसले.

"हो मॅडम," एवढंच. घरी आल्यावर चहा उकळेपर्यंत ओट्यावर बोटं नाचवत उभे राहायचे.

पण शिकले हो! की-बोर्डवर फडकं टाकलं तरी बोटं बरोबर पडायला लागली. गोदामाच्या ऑफिसात परीक्षेला गेले तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परत आले ते चपला काढताकाढताच म्हणाले, "नाही जमलं गं."

"असं कसं? डोळे मिटून करायचात की!"

"तिथली खुर्ची चांगली होती. उंच. हात वरून यायला लागले, बोटांना काही सापडेचना. मग मी आपला खाली घसरून बसलो, तर साहेब म्हणाले, नीट बसा, असं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"मग? काय सांगितलंत?"

"आपलं आपणच शिकलो म्हटलं." घटाघटा पाणी प्यायले. "सोमवारी अजून एकदा बसू देतो म्हणालेत. त्यानंतर मात्र नाही."

इतके दिवस मला ह्यांची लाज वाटत होती. आता माझीच वाटायला लागली, आणि ती घेऊन जाऊ कुठे तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर निघालो. वर्गाच्या जिन्याशी हे सवयीने थांबले. "तू हो पुढे."

"गप चला हो."

आत शिरल्याबरोबर मी माझी गादीची खुर्ची ओढत कोपऱ्यात नेली. "हे माझे मिस्टर आहेत," मी सगळ्यांना सांगितलं.

कोणी दचकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतली बडबडी पोरगी मान खाली घालून म्हणाली, "माहीत आहे, मॅडम. मधल्या सुट्टीत तुमच्या दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी असते." मग चाचरत पुढे म्हणाली, "आम्ही काकांना कितीदा म्हटलं, आमची खुर्ची घ्या. ते म्हणायचे, नको, तुमच्या मॅडमना आवडायचं नाही."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी खाली बसून माझ्या खुर्चीचा दांडा वर-खाली केला, खुर्ची ह्यांच्या कोपराला जुळवली. हे अवघडून बसले. खुर्ची उंच झाली, तरी खांदे आपले कानाशीच. सवय लागली होती, मीच लावलेली. मी मागे उभी राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"खांदे..." मी म्हणायला लागले.

"खाली. हो मॅडम," हे हळूच म्हणाले आणि टाइप करायला लागले.