एक्केचाळीसचा ठसा

घाईचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि दाखला आईच्या ट्रंकेत तळाशी, त्यामुळे ते नाव कुणाला फारसं लागत नव्हतं. पोरगी बसल्या जागी बसायचीच नाही. नववीत गणिताच्या तासाला सरांशी वाजलं तशी दप्तर उचलून उठली, ती परत बसलीच नाही. आता सतरा वर्षांची होती आणि दोन वर्षं मामाच्या वर्कशॉपमध्ये पाइप जोडत होती. सगळे घाईच म्हणायचे.

मामाचं काम वाफेच्या पाइपांचं. लॉण्ड्री, दुधाचा कारखाना, हॉस्पिटल, जिथं बॉयलर तिथं मामाचे जोड. वाफेचा पाइप फुटला तर समोरचा माणूस सोलून निघतो. म्हणून प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकायचा, असा नियम. परवाना असेल त्यालाच नंबर. मामाचा एक्केचाळीस. बोटाएवढा पोलादी ठसा, डोक्यावर हातोडीचा एक घाव, आणि पाइपावर कायमचं ४१. पाच वर्षांनी जोड गळला तरी कुणाची कॉलर धरायची ते कळतं.

जोड घाई करायची, नंबर मामाचा बसायचा. पहिल्या वर्षी ठसा तो स्वतः मारायचा. जोड थंड झाला की त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचा, सगळ्या बाजूंनी, तोंड भलतीकडेच करून. नख अडलं की म्हणायचा, "आधी घास. मग मारू."

"कुठं आहे? मला दिसत नाही," घाई भांडायची.

"तुला नसेल दिसत. नखाला दिसतंय."

मग ग्राइंडर घ्यायचा, तेवढा जोड घासून काढायचा, पुन्हा भरायचा. तिचं डोकं असं फिरायचं की दुपारचा डबा तसाच घरी जायचा. पण दुसऱ्या वर्षी नख अडेनासं झालं. तेव्हा मामानं ठसा तिच्या एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. सारखा कोण मागत बसेल." तेव्हापासून जोड झाला की वर गोठलेली काळी खपली काढायची, ब्रश मारायचा, ठसा ठोकायचा. हे तिच्या हातांना इतकं पाठ झालं की डोक्याला विचारावं लागायचं नाही.

आणि मग ते मंडळ आलं.

आधी शाळेच्या परीक्षा एकीकडे, कॉलेजच्या दुसरीकडे, आणि वेल्डर-सुताराची सर्टिफिकिटं जो तो आपापली छापायचा. आता सगळ्यांवर एक राष्ट्रीय मंडळ बसलं. सरकारचंही नाही, शाळांचंही नाही, कारखानदारांचंही नाही, स्वतंत्र. त्यानं सगळ्या शिक्षणाची मिळून एक शिडी केली, आठ पायऱ्यांची. दहावी तिसऱ्या पायरीवर. वाफेच्या पाइपाचा वेल्डरही तिसऱ्या पायरीवर.

घाईनं ते पत्रक तीनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं.

"म्हणजे तू दहावी पास होणार?" आई म्हणाली.

"दहावी नाही गं. दहावीच्या शेजारी उभी राहणार."

"आणि पुढं कॉलेजात घेतील?"

"शिडी एकच आहे म्हणे. घ्यावंच लागेल."

आईनं ट्रंक उघडून दाखला वर काढून ठेवला. घाईला कॉलेजचं तितकं नव्हतं. तिला स्वतःचा नंबर हवा होता. दोन वर्षांत तिनं शेकडो जोड केले, आणि त्यातल्या एकावरही ती नव्हती.

परीक्षेचा फॉर्म आणायला ती मंडळाच्या ऑफिसात गेली. खिडकीमागे चष्मेवाले एक काका होते.

"परीक्षा तुम्ही घेता ना?"

"नाही. परीक्षा संस्था घेतात."

"मग सर्टिफिकेट?"

"तेही संस्था देतात."

"शिकवता?"

"छे."

"मग तुम्ही करता काय?"

काकांना राग आला नाही. बहुतेक रोज कुणीतरी विचारत असावं. "ते सगळे नीट करतात की नाही, ते आम्ही बघतो."

"आणि तुम्ही नीट बघता की नाही, ते कोण बघतं?"

"पुढचा," काका तिच्यामागच्या रांगेकडे बघून म्हणाले.

परीक्षा एका तंत्रशाळेच्या शेडमध्ये झाली. सहा कप्पे, सहा जण. पाच बाप्ये आणि घाई. नाव कुणी सांगायचं नाही, प्रत्येकाच्या पाइपाला फक्त नंबराची एक चिकटपट्टी. तिची बारा नंबरची. पाइप दुसऱ्या गावी तपासायला जाणार, तपासणाऱ्याला कळताच कामा नये की कुणाचा आहे. वशिला नको, ओळख नको, म्हणून हा बंदोबस्त. घाईला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा राग, तिचं तोंड, तिची नववी, काहीच मध्ये येणार नव्हतं. फक्त जोड बघणार होते.

आणि जोड असा झाला की तिलाच हसू आलं. एकसारखा, एकावर एक टेकून बसलेल्या माशाच्या खवल्यांसारखा. शेजारचे अजून पहिला थर भरत होते तेव्हा तिनं खपली काढली, ब्रश मारला, पाइप पेटीत ठेवला, पेटीला सील लावून घेतलं आणि बाहेर पडली.

वर्कशॉपमध्ये मामा ड्रॉवर उलटेपालटे करत होता.

"कसा झाला?"

"मस्त."

"ठसा कुठं ठेवलास? सकाळपासून शोधतोय. गिऱ्हाईक थांबलंय."

घाईनं एप्रनच्या खिशात हात घातला. ठसा होताच. काढून त्याला देणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. ठशाच्या तोंडाला चकचकीत ताजा ओरखडा होता. सकाळी निघताना ते तोंड काळं होतं.

"मामा," ती म्हणाली, "मी मारला बहुतेक."

"काय मारलंस?"

"खपली काढली, ब्रश मारला, आणि..." तिनं हवेतच हातोडी मारून दाखवली.

मामा खुर्चीत बसला. गिऱ्हाईकाला म्हणाला, उद्या या.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. एक नाही, दोन. घाईला लिहिलं होतं: उमेदवार क्रमांक बाराच्या पाइपावर दुसऱ्या परवानाधारकाचं चिन्ह आढळलं आहे, निकाल रोखून ठेवला आहे, सुनावणीला हजर राहावं. मामाला लिहिलं होतं: आपण परीक्षेला बसला नव्हता, तरी आपला क्रमांक परीक्षेच्या पाइपावर कसा, सुनावणीला हजर राहावं.

मामीनं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "कुणाला तरी फोन करा की."

"कुणाला करू?" मामा म्हणाला. "ते कुणाचेच नाहीत म्हणे. एवढं मोठं ऑफिस आणि कुणाचंच नाही. अशा माणसाशी बोलायचं कसं?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यानं तिला समोर बसवलं. एवढं हळू बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"हे बघ. सांगायचं, ठसा चुकून खिशात राहिला. गंमत म्हणून मारला. पहिल्यांदाच. बस."

"पण रोज मीच..."

"तेच नको ना. माझा नंबर म्हणजे माझा हात. त्यांना कळलं की दोन वर्षं माझ्या नंबरावर तुझा हात आहे, तर एक्केचाळीस गेला. मग मी करू काय? तू तोंड उघडण्याआधी मनात दहा आकडे मोज."

"मोजेन."

"मोजशील?"

"मोजेन म्हटलं ना," ती फिसकारली, आणि मग दोघंही जरा हसले.

सुनावणीला टेबलामागे दोघं होते. एक मॅडम, पन्नाशीच्या, आणि लॅपटॉप घेतलेला एक तरुण. मधोमध तिचा पाइप, त्यावर बारा नंबरची पट्टी. मॅडमच्या मनगटावर बारीक बारीक पांढरे डाग होते. घाईनं ते लगेच ओळखले. ठिणग्यांचे होते.

"जोड चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, यावर एक्केचाळीस कसा?"

"चुकून खिशात राहिला. गंमत म्हणून मारला," घाई म्हणाली. नीट म्हणाली. शेजारी मामानं श्वास सोडला.

लॅपटॉपवाला मान वर न करता म्हणाला, "किंवा जोडच मामांनी घरून करून दिला असेल, नंबरासकट. सतरा वर्षांची, नववी सोडलेली. असा जोड?"

घाई एक, दोन, तीनपर्यंत पोचली.

"कुणी करून दिला?" ती म्हणाली. "आणा रॉड, आत्ता करून दाखवते इथं. दुधाच्या कारखान्यात जाऊन बघा, हॉस्पिटलात बघा, दोन वर्षं सगळे मीच केलेत. रोज मीच ठोकते एक्केचाळीस, म्हणून तर सवयीनं हात गेला."

तिनं मामाकडे बघितलं नाही. उरलेले सात आकडे तिनं तेव्हा मोजले.

मॅडमनी रॉड आणलाच. मागच्या शेडमध्ये तिच्याकडून एक जोड करून घेतला आणि दोन्ही पाइप शेजारी ठेवले. आंधळ्यालाही कळलं असतं की हात एकच आहे.

"तू शिकाऊ म्हणून नोंदलेली असतीस ना, तर यातलं काहीच झालं नसतं," मॅडम म्हणाल्या. "शिकाऊनं जोड करायचा, परवानाधारकानं शेजारी उभं राहून बघायचा, आपला ठसा मारायचा. तशी सोय आहे."

"मामा तेच करत होता की."

"पण फॉर्म भरला नव्हता."

"एक फॉर्म?"

"एकच. एका पानाचा."

घाईला तो फॉर्म आठवला. पहिल्याच आठवड्यात मामानं आणला होता. सगळ्यात वर विचारलं होतं, शेवटची उत्तीर्ण इयत्ता. तिनं आठवी लिहिलं, तो आकडा थोडा वेळ बघितला, आणि कागदाचा बोळा करून भट्टीत टाकला. मामा म्हणाला होता, जाऊ दे, नंतर बघू. तिनं आत्ता मामाकडे बघितलं. तोही तोच फॉर्म आठवत होता. "माझंच राहून गेलं मॅडम," एवढंच म्हणाला.

पुन्हा दोन पत्रं आली. एकात: पाइप उमेदवाराचाच आहे, ताकीद देऊन उत्तीर्ण, तिसरी पायरी, परवाना क्रमांक सहाशे सात. दुसऱ्यात: एक्केचाळीस तात्पुरता स्थगित. दोन वर्षांतले जोड तपासून होईपर्यंत आपल्याला परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येईल.

"कुणाच्या?" मामी म्हणाली. "आता परवानावाला आणायचा कुठून?"

मामानं चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायला.

आईनं घाईचं सर्टिफिकेट दाखल्यावर ठेवून ट्रंक बंद केली. खूश होती, पण भावाकडे बघून तिला नीट खूशही होता येईना. घाईला तर कुणी विचारलं असतं की जिंकलीस का हरलीस, तर तिनं त्यालाच झापलं असतं. एवढं झाल्यावर एखादा माणूस तरी हाती लागावा ज्याच्यावर ओरडता येईल. मॅडमनी वाईट काही केलं नव्हतं. लॅपटॉपवाल्याला संशय यावा असंच दिसत होतं. नियम वाचला तर बरोबर वाटायचा. मामाकडे बघितलं तर चूक वाटायचा.

सोमवारी हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीचा पाइप होता. घाईनं रॉड उचलला तर मामानं तो तिच्या हातातून घेतला.

"हा मी करतो. बघ तू."

"कशाला? मी करते ना."

"पत्रात लिहिलंय ना, देखरेख. मग देख."

ती शेजारी उभी राहिली. हात रिकामे ठेवून उभं राहणं तिला जमत नव्हतं, या पायावरून त्या पायावर करत राहिली. मामानं तोंडावरच्या मुखवट्याची काच खाली घेतली आणि भरायला सुरुवात केली. मागं त्याला जोड करताना कधी बघितलं होतं, ते तिला आठवेना. वर्ष तर सहज झालं असेल. हात सुरेख होता, सावकाश, कुठंही न थांबणारा. जोड थंड झाला. मामानं खपली काढली, ब्रश मारला आणि बाजूला सरला.

"मार," तो म्हणाला. "सरळ धर. पहिलाच आहे तुझा, वाकडा नको यायला."

नवा ठसा तिनं खिशातून काढला. सहाशे सात. हातोडी उचलली. आणि आपोआप, काही न ठरवता, डाव्या अंगठ्याचं नख जोडावरून फिरवलं. वरून, बाजूनं, खालून.

खाली ते अडलं.

तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. वाकून बघितलं तर मोहरीएवढं भोक, नुसत्या डोळ्यांनीही दिसेल असं.

"मामा, खाली भोक आहे."

"कुठं?" त्यानं चष्मा पुसला, घातला, पाइपाजवळ तोंड नेलं. "मला दिसत नाही."

तो भोकाच्या दोन बोटं डावीकडे बघत होता. डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि पाणी गालावर येत होतं. तिला वाटत आलं होतं की ते धुरानं येतं. तोंड भलतीकडे करून फिरणारं नख तिला आठवलं. राहू दे ठसा तुझ्याकडेच, ते आठवलं. दोन वर्षं मामा तिला शिकवत होता, की तिच्या डोळ्यांनी बघत होता? दोन्ही असेल. मग तो नियम बरोबर होता का? की मामाच बरोबर होता, म्हणून तर दोन वर्षांत एक जोड गळला नाही? तिला कशाचाच थांग लागेना.

मामा अजून वाकून शोधत होता. तिनं त्याचं बोट धरलं आणि भोकावर नेऊन ठेवलं. बोट तिथं बराच वेळ राहिलं.

"आहे खरं," तो म्हणाला.

हॉस्पिटलचा माणूस दारात येऊन घड्याळ बघत होता. घाईनं ठसा परत खिशात टाकला.

"आधी घास," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मग मारू."

मामानं मान हलवली आणि ग्राइंडर उचलला. पाइप तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.