मालनताईंचा निळा 'मा'

वागळे इस्टेटमधल्या त्या पंप विकणाऱ्या कंपनीतून एकही इंग्रजी पत्र मालनताईंनी तपासून निळ्या शाईत मारलेल्या 'मा'शिवाय बाहेर पडत नसे. नियम मॅनेजर सलिलसाहेबांनीच काढलेला. गेल्या वर्षी एका बड्या गिऱ्हाइकाला 'तुमच्या साइटवर हिंडून आमची माणसं दमलीत' असं कळवायचं होतं. साहेबांनी 'टायर्ड'पुढे 'फ्रॉम'ऐवजी 'ऑफ' ठोकलं आणि 'तुमच्या साइटला आम्ही कंटाळलोय' असं कळवून मोकळे झाले. ऑर्डर गेली, नियम आला. तो चेन्नईच्या हेड ऑफिसलाही कळवण्यात आला. अर्थात साहेबांची दूरदृष्टी म्हणून.

मालनताई मराठी माध्यमातल्या. गुहागरकडच्या शाळेत त्यांच्या बाईंनी शिकवलं होतं, की इंग्रजी विशेषण ही लेक, आणि तिचं सासर, म्हणजे पुढचं प्रिपोझिशन, ठरलेलं. अफ्रेड, प्राउड, अशेम्ड या तिघी जावा ऑफच्या घरात नांदतात. गुड दिली ॲटकडे, अँग्री विथकडे. भलत्या दारात उभी केलीत तर दोन्ही घरांची शोभा. हा पाढा बावन्नाव्या वर्षीही तोंडपाठ होता. बोलताना ताईंचं इंग्रजी अडखळायचं. कागदावर कधीच नाही.

मंगळवारी एचआरच्या ऋजुताने त्यांच्या ट्रेमध्ये सहा पत्रं ठेवली. "ताई, साडेपाचपर्यंत हां."

सहावं पत्र मालनताईंविषयीच होतं. त्या इंग्रजी पत्रव्यवहार करण्यास असमर्थ आहेत, ठाण्याच्या ऑफिसला योग्य नाहीत, सबब पडघ्याच्या गोडाऊनला त्यांची बदली करावी, अशी सलिलसाहेबांची हेड ऑफिसला शिफारस. कळव्याहून पडघा म्हणजे पहाटे घर सोडायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं. बकऱ्यानेच सुरीला धार लावून द्यावी, तसा तो कागद सवयीने त्यांच्याकडे आला होता.

ताई तो घेऊन केबिनमध्ये गेल्या. ऋजुता तिथेच होती.

"साहेब, यात तीन लेकी भलत्याच घरात गेल्यात."

साहेबांनी कागद ओळखला. "अगं ऋजुता, हे यांच्या ट्रेमध्ये कसं गेलं?"

"सर, सगळीच पत्रं जातात ना. तुमचाच नियम."

"मालनताई, पर्सनली घेऊ नका. पुढच्या महिन्यात चेन्नईचे लोक येतायत. समोर जरा फ्लुएंट माणूस हवं. तेवढं दुरुस्त करा आणि 'मा' मारा, प्लीज."

"नाही."

ताईंच्या सतरा वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला. एसीसुद्धा क्षणभर थबकल्यासारखा वाटला. पण तो तसाही थबकायचा.

"ठीक आहे. कॉम्प्युटर करतो हल्ली हे सगळं," साहेब म्हणाले. दोन बटणं दाबली, नवी प्रत काढली आणि विजयी मुद्रेने पुढे सरकवली. "बघा."

ताईंनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं.

"प्रिपोझिशन सगळी बरोबर आहेत."

"मग मारा की 'मा'!"

"सासर बरोबर मिळालं साहेब, पण पोरगीच खोटी आहे. मी इनकेपेबल नाही. चुकीच्या पत्रावर 'मा' पडत नाही."

"मग 'मा'शिवाय पाठवीन!"

"पाठवा की. चेन्नईवाले विचारतील 'मा' कुठाय. मग त्यांना लेखी कळवा, की जिला इंग्रजी येत नाही तिने आमचं इंग्रजी तपासायला नकार दिला. तेही पत्र ट्रेमध्ये ठेवा. बघून देते."

ऋजुताला जोराचा खोकला आला.

साडेपाचला पाच पत्रं 'मा' लेवून बाहेर पडली. सहावं 'मा'शिवायच ट्रेमध्ये परत येऊन पडलं. ताईंनी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि त्या नेहमीच्याच गतीने जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या आपल्याच खुर्चीत होत्या. ऋजुता साहेबांच्या नव्या पत्राचा कागद घेऊन आली.

"ताई, सर विचारतायत, 'रिस्पॉन्सिबल'पुढे काय?"

"फॉर. त्यांना म्हणावं, स्वतःबद्दल लिहिताना तरी विसरू नका." ताईंनी ट्रेकडे बोट केलं. "आणि ते कालचं पत्र साहेबांना परत दे गं. माझ्या डब्याला जागा लागते."