आपल्या लेखकांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे. चौदा फूट लांब, दोन इंच जाड, आणि नव्वद वर्षं ओझं वाहूनही मधोमध केसभरसुद्धा वाकलेली नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलनाडून गावात, वाचनालयाच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर मी दिसते. माझ्या डोक्यावर हिरव्या रंगात दोनच शब्द लिहिले आहेत : 'आपले लेखक'. बाकीच्या फळ्यांवर स्वयंपाक, बागकाम, खूनबाजी असलं काहीबाही असतं. मी त्यांच्याशी फारसं बोलत नाही.

आता खरं सांगायचं तर मी मूळची इथली नाही. कॅनडातल्या कुठल्याशा जंगलातलं पाइनचं झाड मी. माझे तुकडे करून जहाजात भरलं, ते जहाज वादळात फुटलं, आणि लाटांनी मला आणून टाकलं ते थेट किलनाडूनच्या वाळूवर. समुद्राने दिलेलं लाकूड ज्याला आधी सापडेल त्याचं, अशी इथली रीत. बार्टली नावाच्या सुताराने मला खांद्यावर घेतलं, रंधा मारला, जवसाचं तेल पाजलं आणि नव्या वाचनालयाच्या भिंतीवर ठोकलं. परदेशी वखारीचा शिक्का अजून माझ्या पाठीवर आहे. पण पाठ भिंतीकडे असल्यामुळे मला कधी कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या ग्रंथपाल होनोरिया लॅली. अंगाने काडी, पण आवाज असा की पाद्रीबाबासुद्धा पायरीवर बूट पुसून आत यायचे. 'आपला' लेखक कोणाला म्हणायचं, यावर पहिल्याच आठवड्यात गावात भांडण जुंपलं. इथे जन्मला तो आपला? मग अठराव्या वर्षी बोटीत बसून परदेशी गेला आणि आयुष्यभर आपल्याला शिव्या देत राहिला, तो कोण? आपल्या आयरिश भाषेत लिहितो तो? मग इंग्रजीत लिहिणारे वगळून निम्मी फळी रिकामी राहील. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी 'तू कुणातला रे?' असं विचारतात. होनोरियाबाईंनी तेच धरून ठेवलं. ज्याच्या घरचं कुणी आपल्या दफनभूमीत झोपलेलं आहे, तो आपला. संपला विषय.

या एका नियमावर माझा संसार उभा राहिला. आणि काय एकेक मंडळी माझ्या अंगावर येऊन बसली! एक कवी होता, त्याने बुडालेल्या कोळ्यांवर अशा कविता लिहिल्या की अजूनही बायका त्या वाचताना चष्मा काढतात. एक बाई लंडनमध्ये भांडी घासून रात्रीची लिहायची. तिच्या पुस्तकावर सरकारने बंदी घातली, तेव्हा होनोरियाबाईंनी ते खाकी कागदात गुंडाळून माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत लपवलं. अठ्ठावीस वर्षं ते माझ्या पाठीला चिकटून होतं. गावातल्या प्रत्येक बाईने ते वाचलं, आणि प्रत्येकीने मी नाही बाई वाचलं असं सांगितलं. आता त्या लेखिकेचा पुतळा चौकात आहे. आणि एक कादंबरीकार तर लिव्हरपूलमध्ये जन्मला, तिथेच वाढला, इथे आजोबांच्या अंत्यविधीला तीन दिवस आला आणि गादी ओली आहे म्हणून कुरकुर करत परत गेला. पण आजोबा इथे पुरलेले! म्हणून त्याची अकरा पुस्तकं माझ्या अगदी मधोमध, मानाच्या जागी.

डब्लिनहून प्राध्यापक यायचे, माझ्यावरून हात फिरवायचे, म्हणायचे, खरं साहित्य ते हे. मी ताठ व्हायची. मग दिवस पालटले. लोक वाचनालयात संगणकावर बसायला येऊ लागले. माझ्यावर कोणी चहाचा मग ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. झाडलोट करणाऱ्या बाया ओल्या फडक्याने मला सपासप पुसायच्या. मित्रांनो, ओलं फडकं म्हणजे लाकडाचा दमाच. डावीकडून मी सुजू लागले होते.

तेव्हा डिव्हिना आली.

डिव्हिना पिमेंटा ब्राझीलची. नवरा इथल्या मटणाच्या कारखान्यात लागला, त्याच्यामागून ती आली आणि वाचनालयात झाडलोटीला लागली. दर शुक्रवारी ती एकेक पुस्तक उचलायची, कोरड्या मऊ फडक्याने मला पुसायची आणि पुस्तक होतं तिथेच ठेवायची. तिची मुलगी जुसारा माझ्याखाली जमिनीवर पाय पसरून वाचत बसायची. दहा वर्षांची असताना तिने माझी बहुतेक पुस्तकं संपवली होती, बंदीवालंसुद्धा. एकदा तिने शाळेचा निबंध आईला वाचून दाखवला. तो तिच्या धाकट्या भावावर होता. भाऊ नऊ दिवस जगला आणि दफनभूमीच्या कोपऱ्यात, काटेरी झाडाखाली पुरला होता. पांढऱ्या लाकडी क्रुसावर फक्त 'सामुएल' असं लिहिलं होतं. आईने तो निबंध घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला. शाळेत जुसाराने दुसराच कुठला तरी नेला असावा, कारण गावात हे कुणाच्या कानावर गेलं नाही. माझ्या मात्र गेलं होतं.

जुसारा मोठी झाली, डब्लिनला गेली, आणि या उन्हाळ्यात तिचं पहिलं पुस्तक आलं. राखाडी, बारीकसं. डिव्हिनाने ग्रंथपाल अट्रॅक्टाबाईंना विचारलं, "बाई, जुसाराचं पुस्तक कुठे ठेवणार?" विचारताना ती माझ्याकडे बघत होती. वीस वर्षं तिने मला पुसलं होतं. मला कळत होतं, तिला एवढंच हवं आहे.

मंगळवारी समिती बसली. समिती म्हणजे अट्रॅक्टाबाई, शाळेतून निवृत्त झालेले मॅलकी मास्तर, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या डीलिया फाही, ज्यांना गावातलं प्रत्येक थडगं तोंडपाठ आहे.

"मुलगी गुणी आहे," मास्तर म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकली. पण पिमेंटा? एक तरी पिमेंटा पुरलाय का आपल्याकडे?"

"पण मास्तर, पुस्तक सगळं किलनाडूनचंच आहे म्हणतात," अट्रॅक्टाबाई दबकत म्हणाल्या.

"म्हणतात ना? नियम काय आहे?"

"म्हणजे बिचारीने आधी घरातलं कुणीतरी मारायचं का रे मॅलकी?" डीलियाआजी म्हणाल्या.

"थट्टा नको, डीलिया. एकदा दार उघडलं की कुणीही येईल."

"तू वाचलंस का ते?"

"नाव वाचलं."

"मी अजून तेवढंही नाही वाचलं. वाचेपर्यंत बोलायची नाही."

मी ओरडत होते, मित्रांनो. कोपऱ्यातल्या काटेरी झाडाखाली बघा, म्हणून ओरडत होते. पण फळीचा आवाज तो किती! फार तर करकरते. "ही फळी वाळवी लागल्यासारखी करतेय," असं म्हणून मास्तर उठले. पुस्तक तूर्त परदेशी लेखकांच्या फळीवर गेलं. ती फळी संडासाच्या दाराशेजारी आहे.

शुक्रवारी डिव्हिनाला ते तिथे दिसलं. तिने ते उचललं, पुसलं, परत तिथेच ठेवलं. मग नेहमीसारखी माझ्याकडे आली आणि नेहमीसारखं मला पुसलं, तितक्याच हळुवार हाताने. नव्वद वर्षांत मला माझ्या जागेची लाज वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. सोमवारी डीलियाआजी काठी टेकत आल्या आणि राखाडी पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेल्या.

ऑगस्टात कबरींचा रविवार येतो. सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी उभं राहतं, कर्ण्यावरून प्रार्थना होते, मग थर्मासातला चहा आणि हॅमची सँडविचेस. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात माझ्यावरची पुस्तकं उतरवून प्रत्येक जण एकेक पान वाचतो. फक्त माझ्यावरची. डीलियाआजी दर वर्षी बुडालेल्या कोळ्यांची कविता वाचतात. डिव्हिना मागच्या टेबलावर चहा ओतत असते.

या वर्षी आजी उठल्या आणि माझ्याकडे आल्याच नाहीत. त्यांनी पिशवीतून राखाडी पुस्तक काढलं.

"डीलिया," मास्तर म्हणाले, "ते या फळीवरचं नाही."

"गप बस रे. मी उभी आहे ना? मग माझी पाळी आहे."

आणि त्या वाचू लागल्या : "कबरींच्या रविवारी आई मला पहाटेच उठवायची. गर्दी व्हायच्या आत जाऊन येऊ, म्हणायची, उगाच लोकांच्या मध्ये कशाला. आईच्या हातात खुरपं असायचं, पण ते कधी लागलंच नाही. सामुएलच्या अंगावरचं गवत आधीच कुणीतरी काढलेलं असायचं, कडेची माती सारखी केलेली असायची. आई खुरपं पिशवीत टाकायची आणि पिवळा रंगवलेला एक गोटा क्रुसापाशी ठेवायची. गवत काढणाऱ्यासाठी. परत आपल्या देशात जाऊ या, असं बाबा म्हणाले की आईचं एकच उत्तर असायचं : इथे आपलं कुणीतरी आहे. मला वाटायचं, ती सामुएलबद्दल बोलते आहे."

आजी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

"आमच्या फाहींची जागा त्याच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "मी आदल्या दिवशी, शनिवारीच जाते. आपलं साफ करायचं आणि शेजारच्या लेकराच्या डोक्यावर गवत ठेवायचं, हे काही बरं दिसत नाही. कुणाचं पोर आहे, कधी कळलं नाही. आणि दर वर्षी एक पिवळा गोटा! मला वाटायचं, पोरंटोरं खेळून टाकून जातात. सुंदर म्हणून मी घरी नेते. तेवीस आहेत माझ्या खिडकीत."

मागे किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. डिव्हिना म्हणाली, "ते तुमच्यासाठीच होते, आजी."

मी करकरायचंही विसरले.

मग मॅलकी मास्तर उठले. माझ्यापाशी आले. उजव्या टोकाला त्यांनी स्वतः लिहिलेला गावाचा इतिहास होता, जाडजूड, अकरा वर्षांत एकदाही न उघडलेला. तो त्यांनी ओढून काढला आणि बगलेत मारला.

"नियम बरोबर होता," ते म्हणाले. "मीच थडग्यांवरची आडनावं वाचत हिंडलो. तुझं पुस्तक आण, डीलिया. इथे जागा झाली आहे."

"माझं कसलं? तिच्या आईला ठेवू दे."

डिव्हिनाने हात ॲप्रनला पुसले, पुसून पुसून कोरडे केले, आणि पुस्तक माझ्यावर ठेवलं. वजनाने अगदी हलकं होतं. पण मित्रांनो, त्या अकरा कादंबऱ्यांचा वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्याचा वाटला. रविवारी म्हणे काटेरी झाडाखाली दोघी एकत्र उभ्या होत्या, भर गर्दीत, आणि खुरपं एकच होतं.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही गावात एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर, दाराआड पडलेलं असेल. त्याच्यावरचं नाव वाचून परत ठेवू नका, ते उघडा. कदाचित त्यात तुम्हीच असाल आणि तुम्हाला ते ठाऊक नसेल. आणि त्याच्याखालची फळी पुसाल, तेव्हा फडकं कोरडं घ्या. ती कुठून आली आहे, हे तिची पाठ बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तिला तरी पाठ दाखवायची काय गरज आहे?